वांद्र्याची मोतमाउली

युरोपच्या इतिहासांतील ज्या कालखंडास आपण मध्ययुग म्हणतों, त्याचें अंतरंग राजेरजवाड्यांच्या लढायांत शोधूं गेल्यास फारसें हातीं लागत नाहीं. तें सांपडतें यात्रेच्या वाटांवर. बाराव्या शतकांतील फ्रान्सचा शेतकरी आपल्या राजाचें नांव विसरला असता तरी त्याचें कांहीं अडलें नसतें. परंतु स्पेनच्या पश्चिम टोंकास सान्तियागो येथें संत याकोबाची समाधि आहे, रोम येथें पीटर व पॉल यांच्या समाध्या आहेत, आणि शार्त्रच्या देवालयांत मेरीमातेचें वस्त्र जपून ठेविलेलें आहे, हें त्यास पक्कें ठाऊक होतें. संकट आलें म्हणजे नवस बोलावा, तें टळलें म्हणजे काठी व झोळी घेऊन शेंकडों मैल चालत जावें, आणि वाटेंत भेटेल त्या यात्रेकरूशीं भाऊपणा जोडावा, हाच त्या सामान्य जनतेचा धर्म होता. आषाढी-कार्तिकीची वारी जेथें शतकानुशतकें चालत आली आहे, त्या महाराष्ट्रांतील वाचकास हें मध्ययुग समजावून देण्यास फार शब्द खर्चावे लागूं नयेत.

या यात्रेनें युरोपांत एक स्वतंत्र शिल्पपद्धति निर्माण केली, ही गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी लक्षांत घेतली जात नाहीं. प्रारंभींचीं ख्रिस्ती देवालयें रोमन लोकांच्या ‘बॅसिलिका’ नांवाच्या सभागृहांच्या नमुन्यावर बांधलेलीं असत. मध्यें एक लांबट दालन, दोहों बाजूंस खांबांच्या ओळी, त्या ओळींपलीकडे दोन अरुंद दालनें, आणि टोंकास अर्धवर्तुळाकार गाभारा, असा तो साधा आराखडा होता. गांवच्या शेंदोनशें लोकांस प्रार्थनेला जमण्यापुरता तो पुरेसा होता. पण संतांच्या अवशेषांच्या दर्शनास हजारों लोक लोटूं लागले, तेव्हां अडचण उत्पन्न झाली. पुजारी वेदीपुढें उपासना करीत आहे आणि त्याच्या अंगावरून यात्रेकरूंची रांग जात आहे, हें कसें चालावें? यावर तेथल्या स्थपतींनीं तोड काढली, ती अशी. बाजूचीं दोन्ही दालनें त्यांनीं गाभाऱ्यामागून वळवून एकमेकांस जोडलीं आणि त्या वळणावर लहान लहान उपगाभारे काढले. यात्रेकरूनें एका बाजूनें शिरावें, वेदीस वळसा घालावा, उपगाभाऱ्यांत दर्शन घ्यावें, आणि मुख्य उपासनेस व्यत्यय न आणतां दुसऱ्या बाजूनें बाहेर पडावें. तुलूझ येथील संत सातुर्निनाचें देवालय व सान्तियागोचें महादेवालय हीं या रचनेचीं ठळक उदाहरणें होत. तुलूझच्या देवालयाची प्रतिष्ठा १०९६ सालीं झाली.

हें वर्णन वाचतांना मराठी वाचकाच्या मनांत ‘प्रदक्षिणापथ’ हा शब्द आल्यावांचून राहणार नाहीं, आणि तो अगदीं योग्य आहे. किंबहुना ज्यास या रचनेचें प्रत्यक्ष ज्ञान करून घ्यावयाचें असेल, त्यानें आगगाडीनें लोणावळ्यापलीकडे जाऊन कार्ल्याचें लेणें पाहावें. सुमारें १२४ फूट लांब, ४५ फूट रुंद व तितकेंच उंच असें तें चैत्यगृह आहे. मध्यें दालन, दोहों बाजूंस पंधरा पंधरा खांब, खांबांपलीकडे अरुंद वाट, टोंकास अर्धवर्तुळांत स्तूप, आणि स्तूपामागें सात साध्या खांबांची माळ, म्हणजे वळसा घालण्यास मोकळा मार्ग. फर्ग्युसन या पंडितानें कार्ल्याचें वर्णन करितांना इंग्लंडांतील नॉर्विचच्या महादेवालयाची आठवण काढिली, ती उगीच नव्हे. दोहोंमध्यें कोणीं कोणाचें अनुकरण केलें नाहीं. हजाराहून अधिक वर्षांचें आणि हजारों मैलांचें अंतर मध्यें आहे. परंतु पूज्य वस्तूभोंवतीं फिरण्याची माणसाची इच्छा एकच असल्यामुळें दगडानेंहि दोन्हीं ठिकाणीं एकच वळण घेतलें.

कार्ल्याचा उल्लेख येथें आणखी एका कारणानें केला आहे. त्या चैत्यगृहाच्या तोंडाशींच एकवीरा देवीचें देऊळ आहे आणि ती कोळी समाजाची कुलस्वामिनी आहे. चैत्रांत मुंबईच्या किनाऱ्यावरील कोळीवाड्यांतून लोक तिच्या यात्रेस घाट चढून जातात. याच समाजाची दुसरी यात्रा भाद्रपदाच्या सुमारास वांद्र्याच्या टेंकडीवर भरते, आणि तिची देवता आहे येशूची आई मेरी. तीच मोतमाउली. प्रस्तुत लेखाचा विषय हाच.

मुंबईंत मध्ययुगीन चर्च नाहीं, हें उघड आहे. आपल्या बेटावर पोर्तुगीज आले ते सोळाव्या शतकांत, आणि युरोपांत तोंवर मध्ययुग सरून गेलें होतें. तथापि मध्ययुगीन चर्चचें रूप व मध्ययुगीन यात्रेचा आत्मा हीं दोन्हीं मुंबईस आलीं. मात्र तीं वेगवेगळ्या वाटांनीं, वेगवेगळ्या काळीं आणि वेगवेगळ्या हातांनीं आलीं. रूप आलें कुलाब्यास, आत्मा आला वांद्र्यास. या दोन वास्तू एकमेकींशेजारीं ठेवून पाहिल्या, तर इमारत व तीर्थ यांतील भेद जितका स्पष्ट होतो तितका पुष्कळ ग्रंथ वाचूनहि होणार नाहीं.

कफ परेडच्या कांठीं आज जें मच्छीमारनगर आहे, तेथून दक्षिणेस कुलाब्याच्या टोंकाकडे गेलें असतां लोक ज्यास ‘अफगाण चर्च’ म्हणतात तें सेंट जॉनचें देवालय लागतें. पहिल्या अफगाण युद्धांत व सिंधच्या मोहिमेंत मेलेल्या इंग्रजी फौजेच्या स्मरणार्थ तें उभारलें. १८४७ च्या डिसेंबरांत त्याचा पाया घातला गेला आणि १८५८ च्या जानेवारींत त्याची प्रतिष्ठा झाली. स्थपति हेन्री कॉनिबेअर. मुंबईस पाणी पुरविणाऱ्या विहार तलावाची योजना याच गृहस्थाची. त्या वेळीं इंग्लंडांत विद्वानांचा एक पंथ निघाला होता. खरें ख्रिस्ती देवालय म्हणजे तेराव्या शतकांतील गॉथिक देवालय, बाकीचीं सर्व भ्रष्ट, असें त्याचें मत होतें. त्या मताबरहुकूम कुलाब्याची ही इमारत रचिली आहे. टोंकदार कमानी, उंच मध्यदालन, रंगीत काचांच्या लांबोड्या खिडक्या, इंग्लंडाहून आणविलेल्या फरशा, आणि १९८ फूट उंचीचा निमुळता मनोरा, असा तिचा थाट आहे. मनोरा १८६५ सालीं पुरा झाला. सरकारनें जागा दिली तीच या अटीवर, कीं बंदरांत शिरणाऱ्या जहाजांस खूण म्हणून दिसेल इतका मनोरा उंच असावा.

इमारत देखणी आहे, यांत शंका नाहीं. मुंबईंत पुढें जी गॉथिक वास्तूंची रांग उभी राहिली, तिच्या आरंभींच्या इमारतींत हिची गणना होते. परंतु येथें कोणी नवस बोलत नाहीं. तिच्या भिंतींवर रणांत पडलेल्या अंमलदारांचीं नांवें कोरलीं आहेत. साधे शिपाई संख्येनें इतके, कीं त्यांचीं नांवें देणें शक्य नव्हतें, म्हणून त्यांचा उल्लेख एका वाक्यांत एकत्र केला आहे. राज्यकर्त्यांनीं आपल्या मृतांसाठीं बांधलेलें तें स्मारक होय, आणि स्मारक म्हणून तें गंभीर व हृदयस्पर्शी आहे. पण मध्ययुगांतील ज्या रूपाचें तें अनुकरण करितें, त्या रूपास जन्म देणारा अनामिक यात्रेकरू मात्र तेथें कधींच आला नाहीं. देवळाचें शरीर बिनचूक उतरलें. त्यांत चालणारे पाय मात्र आणतां आले नाहींत.

आतां वांद्र्याकडे वळूं.

१५३४ सालीं गुजरातच्या बहादूरशहानें वसई व तिच्याखालचा मुलूख पोर्तुगीजांस दिला. त्यांत साष्टी होती आणि साष्टींत वांद्रें. पुढें वांद्र्याचा कारभार जेसुइट पंथाच्या पाद्र्यांकडे आला. समुद्रकांठचें सेंट ॲन्ड्र्यूजचें चर्च त्यांनीं सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत बांधलें आणि आसपासच्या कोळी व इतर लोकांस ख्रिस्ती केलें. या धर्मांतराचें चित्र गोड करून रंगविण्याचें कारण नाहीं. पोर्तुगीज अमलांत साष्टींतील देवळें मोडलीं गेलीं. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वराच्या शैव लेण्याचें चर्च करण्यांत आलें. आणि ज्यांनीं नवा धर्म घेतला नाहीं त्यांना राज्यसत्तेचा जाच सोसावा लागला. हा इतिहास वसईच्या मोहिमेच्या मुळाशीं आहे आणि तो मराठी माणसास विसरतां येत नाहीं.

परंतु त्याच शतकांत दुसरी एक गोष्ट घडत होती, तीहि विसरूं नये. धर्म बदलला तरी भाषा बदलली नाहीं. पाद्र्यांना लोकांशीं बोलावयाचें तर मराठींतच बोलावें लागे. १५७९ सालीं गोव्यास आलेल्या फादर स्टीफन्स या इंग्रज जेसुइटानें सुमारें अकरा हजार ओव्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ मराठींत रचिलें आणि तें १६१६ सालीं छापून निघालें. ज्ञानेश्वरांची ओवी व पुराणाचा घाट घेतल्यावांचून या भूमींत धर्मकथा सांगतां येत नाहीं, हें त्या परदेशी माणसानें ओळखिलें. साष्टींतील कोळ्यांस तर हें शिकविण्याची गरजच नव्हती. टेंकडीवरच्या देवीचें पोर्तुगीज नांव ‘डोंगराची माता’ अशा अर्थाचें होतें. डोंगर या अर्थाचा ‘मोंत’ हा शब्द कोळ्यांच्या तोंडीं ‘मोत’ झाला, आणि मातेस त्यांनीं आपला जुना शब्द दिला, ‘माउली’. वारकरी आळंदीस जाऊन ज्या शब्दानें ज्ञानेश्वरांस हांक मारितो तोच हा शब्द. एका नामांत दोन खंडांची गांठ पडली, आणि ती मारण्यास कोणा पंडिताची गरज लागली नाहीं.

वांद्र्याच्या टोंकावर पोर्तुगीजांनीं १६४० सालीं किल्ला बांधला; जहाजांस गोडें पाणी भरून घेण्याची जागा, म्हणून त्यास अग्वाद म्हणत. त्याच्याजवळच टेंकडीवर मेरीचें लहानसें प्रार्थनामंदिर होतें. आरंभीं तें किल्ल्यांतल्या शिबंदीच्या उपयोगाचें. त्यांतील लाकडी मूर्ति जेसुइटांनीं पोर्तुगालहून आणिली, असें पाद्र्यांची परंपरा सांगते. १७०० सालच्या सुमारास अरब चांच्यांनीं धाड घातली आणि मूर्तीच्या हातांतील वस्तु सोन्याची समजून तिचा उजवा हात तोडून नेला, असेंहि तीच परंपरा सांगते.

कोळ्यांची परंपरा निराळी आहे. एका कोळ्यास स्वप्न पडलें, कीं समुद्रांत आपल्या हातीं माउलीची मूर्ति येणार आहे. आणि त्याप्रमाणें ती पाण्यांत सांपडली. हा प्रसंग अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांतला मानितात.

या दोन कथा एकमेकींशीं जुळत नाहींत, म्हणून त्यांतील एक खरी व एक खोटी ठरवावयास धांवणें हें इतिहासकाराचें काम नव्हे. मूर्ति कोठून आली, एवढाच प्रश्न त्या सोडवीत नाहींत. ती कोणाची, हा प्रश्न त्या सोडवितात. पाद्री म्हणतात, आम्ही आणिली. कोळी म्हणतो, ती माझ्या जाळ्यांत आली. समुद्रांतून मिळालेली देवता कोणी दिलेली नसते, म्हणून तिच्यावर कोणाची मालकीहि चालत नाहीं. धर्म ज्यांस वरून सांगितला गेला, त्या समाजानें ही कथा सांगून आपल्या देवतेचा हक्क आपल्याकडे घेतला, असा तिचा अर्थ मला दिसतो.

ही कल्पना एकट्या वांद्र्याची नाहीं. पोर्तुगीजांच्याच अमलाखालच्या ब्राझील देशांत १७१७ सालीं तीन कोळ्यांनीं पाराइबा नदींत जाळें टाकलें असतां प्रथम मेरीच्या मूर्तीचें धड व मग मस्तक वर आलें. ‘प्रगटलेली माता’ म्हणून तीच आज त्या देशाची अधिष्ठात्री आहे. आणि इतकें दूर कशास जावें? आपल्या मुंबईच्या महालक्ष्मीची कथा वाचकांस ठाऊक असेलच. वरळीजवळचा बांध समुद्र वारंवार फोडीत होता, तेव्हां रामजी शिवजी नांवाच्या पाठारे प्रभु स्थपतीस स्वप्नांत देवीनें आपण समुद्रांत असल्याचें सांगितलें. मूर्ति वर काढिली आणि मग बांध टिकला. तोच किनारा, तेंच शतक, तेंच स्वप्न. एकीकडे ख्रिस्ती कोळी, दुसरीकडे प्रभु गृहस्थ. परंतु समुद्र दोघांशींहि एकाच भाषेंत बोलला.

आतां ज्या प्रसंगाकडे मराठी वाचकाचें लक्ष आधींच लागलें असेल, तो प्रसंग, म्हणजे चिमाजी आप्पांची मोहीम. १७३७ सालीं ठाणें पडलें. १७३९ च्या मे महिन्यांत वसई पडली. या धामधुमींत वांद्र्याचा किल्ला मराठ्यांच्या हातीं पडल्यास तेथून मुंबईवर तोफा रोखल्या जातील, ही इंग्रजांस धास्ती होती. म्हणून पोर्तुगीजांकडून तो पाडून टाकण्यास त्यांनीं लावलें. टेंकडीवरचें जुनें प्रार्थनामंदिरहि याच धामधुमींत उद्ध्वस्त झालें. माउलीच्या मूर्तीनें खाडीपलीकडे माहीमच्या सेंट मायकेलच्या चर्चमध्यें आश्रय घेतला. माहीम इंग्रजांच्या हद्दींत होतें.

आमच्या बखरी व पोवाडे वसई घेतल्याच्या आनंदानें भरलेले आहेत, आणि तो आनंद अनाठायीं नाहीं. त्या विजयाची खूण म्हणून पोर्तुगीज चर्चमधील घंटा महाराष्ट्रभर गेल्या. भीमाशंकरास एक आहे. नाशिकास नारोशंकराच्या देवळांत एक आहे. वाईजवळ मेणवलीस नाना फडणिसांच्या वाड्यामागें घाटावर एक आहे, आणि तिच्यावर बाळ घेतलेल्या मेरीची आकृति आहे. ज्या कृष्णाकांठीं ती घंटा टांगली आहे, तेथें येणाऱ्या भाविकांस त्या आकृतींत परकेपणा वाटल्याचें दिसत नाहीं. आई आणि मूल पाहून कोणाचा हात आखडावा?

परंतु विजयाचा वृत्तांत वसईच्या तटाशींच संपत नाहीं. पुढचीं पस्तीस वर्षें मराठ्यांनीं साष्टीवर राज्य केलें; त्या राज्यांत जिंकलेल्या ख्रिस्ती रयतेचें काय झालें, हा प्रश्न आमच्याकडे फारसा विचारला जात नाहीं. वसईच्या शरणागतीच्या कलमांत मागें राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांस धर्माचरणाची मोकळीक दिलेली होती. पोर्तुगीज पाद्री निघून गेले. त्यांची जागा गोव्याकडच्या देशी पाद्र्यांनीं घेतली. आंकेतील द्यु पेरों हा फ्रेंच विद्वान, पारशांच्या अवेस्ता ग्रंथाचा पहिला युरोपीय भाषांतरकार, १७६० च्या सुमारास साष्टींतून गेला. ठाण्यास त्यानें ख्रिस्ती लोकांचा मोठा उत्सव पाहिला; मराठी राज्यांत ते आपला धर्म उघडपणें व निर्भयपणें पाळीत आहेत, असें त्यानें नमूद केलें.

आणि वांद्र्याच्या टेंकडीवरचें मंदिर पुन्हां कधीं उभें राहिलें? तर १७६० सालीं. पुढच्या वर्षीं मूर्ति माहीमहून परत आली, असें सांगतात. या सालांकडे वाचकांनीं नीट लक्ष द्यावें. इंग्रजांनीं साष्टी घेतली ती १७७४ च्या अखेरीस. म्हणजे मोतमाउलीचें देवालय पुन्हां बांधलें गेलें तें पेशव्यांच्या राज्यांत, नानासाहेब पेशव्यांच्या हयातींत, पानिपतच्या आदल्या वर्षीं. ज्या राज्याच्या स्वारींत तें नष्ट झालें, त्याच राज्याच्या छायेंत तें उभें राहिलें. पेशवे सरकारनें तें बांधून दिलें असें माझें म्हणणें नाहीं. तें भाविकांनींच बांधलें. परंतु बांधूं देणें, घंटा वाजूं देणें, जत्रेस जमूं देणें, हीहि राज्यकर्त्याची एक करणी असते. तिचा पोवाडा होत नाहीं, आणि म्हणूनच इतिहासानें तिची नोंद ठेविली पाहिजे. घंटा आणिल्याचा अभिमान आम्ही बाळगतों. घंटा पुन्हां वाजूं दिल्याचा अभिमान त्याहून कमी प्रतीचा कां समजावा?

टेंकडीवर आज दिसणारी इमारत यानंतरची आहे. १९०२ सालीं तिचा पाया घातला गेला व १९०४ सालीं ती पुरी झाली. स्थपति होते शापूरजी चंदाभॉय, म्हणजे एक पारशी गृहस्थ. घडीव दगडाची बांधणी, दर्शनी बाजूस दोन मनोरे, टोंकदार कमानींच्या खिडक्या, आंत उंच मध्यदालन आणि टोंकास वेदीवर मूर्ति, असें तिचें स्वरूप आहे. कुलाब्याच्या चर्चमध्यें गॉथिक शैलीचें जें काटेकोर शास्त्र आहे तें येथें शोधूं नये. शास्त्रज्ञ हिला अर्धवट गॉथिक म्हणतील. पण कोणत्याहि मध्ययुगीन स्थपतीनें मान हलविली असती अशी एक गोष्ट येथें आहे. ही वास्तु चढून यावयाची आहे. टेंकडीवर येण्यास पायऱ्या आहेत, आणि त्यांपैकीं एक पायरीमार्ग बोमनजी नांवाच्या दुसऱ्या एका पारशी गृहस्थानें बांधविला म्हणून त्याच्याच नांवानें ओळखिला जातो. यात्रास्थान मैदानांत असून भागत नाहीं. दर्शनापूर्वीं थोडा दम लागावा लागतो. जेजुरी, सप्तशृंगी, कार्लें, सर्वत्र हाच नियम आहे. १९५४ सालीं पोपनें या देवालयास ‘बॅसिलिका’ ही पदवी दिली. आरंभीं ज्या रोमन सभागृहाचा उल्लेख केला, त्याचें नांव अशा रीतीनें अखेरीस मानाचा शब्द होऊन या टेंकडीवर आलें.

८ सप्टेंबर हा मेरीचा जन्मदिवस. त्यानंतरच्या रविवारीं जत्रेस प्रारंभ होतो आणि ती आठवडाभर चालते. रस्त्याच्या दुतर्फा दुकानें लागतात, आणि त्यांत इतर मालाबरोबर एक वस्तु विकावयास असते, तिच्याकडे इतिहासाच्या अभ्यासकानें अवश्य पाहावें. मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाचें तान्हें मूल, मेणाचें घर! ज्याचा पाय दुखतो त्यानें मेणाचा पाय वाहावा. जिची कूस उजवावयाची तिनें मूल वाहावें. ज्यास डोक्यावर छप्पर हवें त्यानें घर वाहावें. बाराव्या शतकांत फ्रान्स व इंग्लंड या देशांतील यात्रास्थानीं असेच मेणाचे अवयव समाध्यांपुढें पडत. इंग्लंडांत तर सोळाव्या शतकांतील धर्मसुधारणेनंतर ही चाल अंधश्रद्धा म्हणून मोडून टाकण्यांत आली. त्यामुळें कुलाब्यास देवालय बांधणाऱ्या इंग्रजानें मध्ययुगाची कमान तेवढी आणिली, मेणाचा हात आणिला नाहीं. तो हात वांद्र्यास राहिला. आणि ज्या देशांत देवीस रुप्याचे डोळे व नवसाचा पाळणा वाहण्याची रीत आहे, तेथें तो परका वाटलाच नाहीं.

या जत्रेंत केवळ ख्रिस्ती लोक येतात असें नाहीं. साष्टी-वसईकडील मराठी बोलणारे ख्रिस्ती लोक, ज्यांनीं १८८७ सालीं ‘ईस्ट इंडियन’ हें नांव धारण केलें, ते तर येतातच. पण हिंदु येतात, पारशी येतात, मुसलमानहि येतात. किनाऱ्यावरचा कोळी, मग तो कोणत्याहि धर्माचा असो, या माउलीस आपली समजतो. चैत्रांत एकवीरा, श्रावणी पौर्णिमेस समुद्राला नारळ, आणि पावसाळा ओसरतां ओसरतां मोतमाउली, असें हें त्याच्या वर्षाचें गणित आहे. या तिन्हींत त्यास विरोध दिसत नाहीं. कारण तिन्हींपुढें त्याचें मागणें एकच आहे, होडीनें गेलेला माणूस परत यावा.

हें मागणें किती खरें आहे याची कल्पना शहरांत राहणाऱ्या आपणांस सहसा येत नाहीं. मुंबई बेट ज्यांच्या देवीच्या नांवानें ओळखिलें जातें, त्या कोळ्यांचा किनारा गेल्या दोनशें वर्षांत भरणी घालून घालून मागें हटविला गेला. १८३८ सालीं कुलाब्यास जोडणारा रस्ता झाला. विसाव्या शतकांत कफ परेडची भरणी झाली व तिच्यावर गगनचुंबी इमारती उठल्या. आणि त्यांच्या पायथ्याशीं मच्छीमारनगरांतील होड्या आज चिंचोळ्या वाळूवर ओढून ठेवाव्या लागतात. त्या वाळूवर उभें राहून जाळें विणणाऱ्याच्या मागें इंग्रजांच्या गॉथिक मनोऱ्याचें नगर आहे व आजचें कांचेचें नगरहि आहे. पण त्याची यात्रा त्यांपैकीं कोणाकडेच जात नाहीं. ती उत्तरेस दहाबारा मैलांवरच्या टेंकडीकडे जाते.

यावरून इतिहासाच्या वाचकानें काय घ्यावें? एक पक्ष म्हणतो, मोतमाउली हें पोर्तुगीज जुलमाचें अवशिष्ट चिन्ह आहे, त्याच्याशीं आमचा संबंध काय? दुसरा पक्ष म्हणतो, ही मूळची कोळ्यांचीच कोणी देवी असली पाहिजे, तिला नुसतें नवें नांव दिलें आहे. दोन्ही पक्ष एकाच भ्रमांत आहेत. एखादें तीर्थ कोणाचें, हें त्याच्या पायाच्या दगडावरून ठरतें, असें दोघेहि धरून चालतात. वस्तुतः तें ठरतें पायऱ्यांच्या झिजेवरून. ज्यांनीं तें आणिलें ते पोर्तुगीज गेले; ज्यांनीं मूर्तीचा हात तोडला ते अरब गेले; किल्ला पाडविणारे इंग्रज गेले; साष्टी जिंकणारें पेशव्यांचें राज्यहि गेलें. चढणारे मात्र राहिले. पोर्तुगालची मूर्ति, कोळ्याचें स्वप्न, माहीमचा आसरा, मराठी राज्यांतली उभारणी, पारशी स्थपति, फ्रान्समधील मध्ययुगाची कमान आणि ज्ञानोबांच्या मुखींचा शब्द, एवढें सारें एका लहानशा टेंकडीवर एकत्र आलें. त्यांतील कोणतीहि एक वस्तु वगळून हा इतिहास सांगूं म्हणाल, तर तो सांगतां येणार नाहीं.

फ्रान्समध्यें शार्त्रचें जुनें देवालय ११९४ सालीं आगींत जळालें. मेरीचें वस्त्र वांचलें आहे, एवढी बातमी कळतांच लोक पुन्हां कामास लागले, आणि आज जग जें महादेवालय पाहावयास जातें तें त्या राखेंतून उभें राहिलें. त्याविषयीं आमचे विद्यार्थी परीक्षेंत पानेंच्या पानें लिहितात. तशाच राखेंतून १७६० सालीं आपल्या मुंबईच्या उंबरठ्यावर, मराठी बोलणाऱ्या साध्या माणसांनीं आपल्या माउलीचें घर पुन्हां बांधलें. तें शार्त्रएवढें मोठें नव्हतें. परंतु तें आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत एका ओळीचें धनी असावयास कांहींच हरकत नाहीं.